मांजरांच्या केमो निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपला उपचार निधी पुन्हा तळाला गेला आहे. तो आजवर ज्यांनी भरला त्यांचं नाव आधी घ्यायला हवं, पण नाव छापलेलं त्यांनाच आवडत नाही. पेन्शन झाली की पाकीट आणून देणाऱ्या आजी, नातवाच्या बारशाचा आहेर इकडे वळवणारे काका, पिंजरा घेऊन रात्री-अपरात्री निघणारे आणि मीटरचे पैसे कधीही न घेणारे रिक्षावाले दादा, बिलात स्वतःची फी न धरणाऱ्या डॉक्टर मॅडम. निधी उभा आहे तो यांच्या जिवावर. एप्रिलच्या आवाहनाला मात्र ग्रुपवर अंगठे ढीगभर आले, पाकिटं दोन. बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

घाई अशासाठी की मांजरीच्या स्तनांतल्या 10 पैकी 8-9 गाठी कॅन्सरच्याच निघतात. 2 सेंटिमीटरच्या आत काढली तर मांजर पुढे काही वर्षं काढू शकते. 3 च्या वर गेली की बहुधा महिनेच मोजायचे. वर्गणी जमेपर्यंत गाठ थांबत नाही. नुसती गाठ काढून भागतही नाही, त्या बाजूचे चारही स्तन काढावे लागतात. दुसरी बाजू 2-3 आठवड्यांनी. एकदम केलं तर कातडी ताणून टाके उसवतात. आधी छातीचा एक्स-रे, नंतर काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये (ती टिकवणाऱ्या द्रावात) तपासणीला. हा खर्च वाचवा म्हणणाऱ्यांनो, रिपोर्टशिवाय केमो ठरत नाही.

केमोचं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, किलोमागे साधारण 1 मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश, दर 3 आठवड्यांनी, 4-5 डोस. शिरेबाहेर थोडं जरी झिरपलं तरी तिथलं मांस सडतं, म्हणून दरवेळी नवा कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी). प्रत्येक डोसआधी रक्त आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कारण हे औषध मांजराच्या किडनीला बाधतं. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर डोस आठवडाभर पुढे. अंगावरचे केस फारसे जात नाहीत, मिशा जातात. त्या पाहून घाबरून डोस बंद करू नका.

हवंय: रोख, 24 गेजचे कॅन्युला, सलाइन, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायच्या कॉलर, पिंजरे. रविवारी 10 ते 1 कार्यालयात, पावती मागून घ्या. सांभाळायला नेणाऱ्यांनी डोसनंतर 3 दिवस शी-शूची रेती हातमोज्यानेच काढावी. घरात गरोदर बाई असेल तर तिने हात लावू नये. पैसे जमत नसतील तर गल्लीतल्या भाटीची (मादी मांजराची) ती 6 महिन्यांची व्हायच्या आत नसबंदी करून आणा, स्तनांतल्या गाठींचा धोका सुमारे 90 टक्के घटतो. आणि माज थांबवायची हार्मोनची इंजेक्शनं कृपया नकोत, त्यांनीच गाठी वाढतात.

आपला,
सचिव