घोड्याची वैद्यकीय नोंद उघडी हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घोड्यांच्या शर्यतीचा निकाल वृत्तपत्रात येतो तेव्हा त्यात पहिल्या काही घोड्यांची नावे, त्यांचे जॉकी आणि ट्रेनर, लागलेली वेळ, घोड्या-घोड्यांतले अंतर आणि टोटचा, म्हणजे रेसकोर्सवरील अधिकृत पैज-यंत्रणेचा, भाव एवढा तपशील असतो. जो घोडा वळणावर थांबला, ज्याच्या भोवती पडदा धरला गेला आणि जो पुन्हा पागेत परतला नाही, त्याच्यापुढे फार तर ‘शर्यत पूर्ण केली नाही’ एवढेच छापलेले दिसते. मी अनेक वर्षे हे रकाने वाचत आलो आहे आणि शर्यती बंद कराव्यात अशा मताचा नाही, हे आधीच सांगतो. मात्र या खेळातील न्याय, सुरक्षितता आणि जबाबदारी यांविषयी जी चर्चा होते ती बहुधा चाबूक आणि दंड यांभोवतीच घुटमळते, आणि ज्या एका गोष्टीवर या तिन्हींचा भार आहे ती बाजूला राहते, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे घोड्याची नोंद. पागेतल्या माणसांना घोड्याबद्दल जे माहीत असते, ते त्याच्या पाठीवर बसणाऱ्याला, त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला आणि त्याला पुढे विकत घेणाऱ्याला माहीत नसते. या खेळातली बहुतेक लबाडी आणि बरेचसे अपघात या अंतरातून जन्माला येतात.

हे आजचे नाही. १८४४ साली इंग्लंडमध्ये एप्समच्या डर्बीत ‘रनिंग रेन’ नावाचा घोडा पहिला आला. ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते, आणि हा घोडा प्रत्यक्षात ‘मॅकॅबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा होता. प्रकरण न्यायालयात गेले, न्यायाधीशांनी दात तपासण्यासाठी घोडाच हजर करायला सांगितले आणि घोडा गायब झाला. विजय अखेर दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या ‘ऑरलँडो’ला मिळाला. त्यानंतर १४० वर्षांनी, १९८४ साली, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ईगल फार्म रेसकोर्सवर ‘फाइन कॉटन’ या सामान्य घोड्याच्या नावाने ‘बोल्ड पर्सनॅलिटी’ हा त्याच्याहून कितीतरी सरस घोडा पळवला गेला. खुणा जुळाव्यात म्हणून त्याला रंग फासला होता, आणि शर्यत संपते न संपते तोच प्रेक्षकांतूनच घोडा बदलल्याची ओरड सुरू झाली. आज मायक्रोचिपमुळे घोडा बदलणे जवळजवळ अशक्य झाले आहे. म्हणजे ओळखीची नोंद पक्की झाली आणि तेवढी एक वाट बुजली. पण घोडा कोण हे कळले तरी घोडा कसा आहे हे कळत नाही, आणि आजचा खरा प्रश्न तिथेच आहे.

शर्यतीत घोड्याचा पाय मोडतो तेव्हा ‘दुर्दैवी अपघात’ हा शब्द लगेच वापरला जातो. पशुवैद्यकशास्त्र मात्र वेगळे सांगते. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोचा प्राणी तासाला साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो तेव्हा खुराच्या वरचा सांधा आणि नळीचे हाड यांवर विलक्षण ताण येतो. सरावात आणि शर्यतींत या हाडांना बारीक बारीक इजा होत राहतात. विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात, नाही मिळाली तर साचत जातात. कॅलिफोर्नियात १९९० पासून शर्यतीत मेलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन नियमाने केले जाते, आणि प्राणघातक अस्थिभंग झालेल्या बहुसंख्य घोड्यांत त्याच जागी जुनी इजा आढळते, हा त्यातून हाती आलेला सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे. तेव्हा हाड शर्यतीच्या दिवशी तुटले तरी ते तुटण्याची सुरुवात कित्येक आठवडे आधी झालेली असते. तो घोडा सकाळी थोडा आखडून चालतो आहे, हे मोतद्दाराच्या नजरेला पडलेले असू शकते. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याचे पशुवैद्याला ठाऊक असते. त्या इंजेक्शनाने सूज आणि वेदना ओसरते, घोडा पाय मोकळा टाकू लागतो, आणि ज्या वेदनेने तो स्वतःला सावरून धरत होता तीच नाहीशी झाल्याने दुखऱ्या हाडावर तो पूर्ण जोर देतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१९ सालचे आहे. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील सँटा अनिटा रेसकोर्सवर एकाच हंगामात सुमारे तीस घोडे मेले, मार्चमध्ये शर्यती काही काळ थांबवाव्या लागल्या आणि नियम कडक झाले. नोव्हेंबरमध्ये तिथेच ब्रीडर्स कप ही मोठ्या शर्यतींची वार्षिक मालिका झाली तेव्हा घोड्यांची तपासणी पूर्वी कधी नव्हती इतक्या काटेकोरपणे झाल्याचे सांगितले गेले. तरीही शेवटच्या, सर्वांत मोठ्या शर्यतीत ‘मंगोलियन ग्रूम’ या घोड्याचा मागचा पाय मोडला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. आयोजकांनीच नेमलेल्या तज्ज्ञाच्या अहवालात पुढे असे दिसून आले की हा घोडा त्या आठवड्यात अनेकदा तपासला गेला होता आणि त्याच्या चालीतला दोष हेरण्याच्या संधी हातून निसटल्या होत्या. तो अहवाल जाहीर केला गेला, हे मी आयोजकांच्या बाजूने मुद्दाम नमूद करतो. चूक कुठे झाली हे नावानिशी, टप्प्याटप्प्याने लोकांपुढे ठेवले की पुढचा डॉक्टर त्याच जागी अधिक लक्ष देऊन पाहतो. दुर्दैव म्हटले की तपासायचे काही उरतच नाही.

नोंदी ठेवल्याने काही साधते का, असे कोणी विचारील. अमेरिकेत २००९ पासून शर्यतीतील जीवघेण्या इजांची एकत्रित आकडेवारी ठेवली जाते. पहिल्या वर्षी दर हजार धावांमागे २.०० घोडे दगावत होते. तिथे पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम निराळे असत. २०२० च्या डिसेंबरात कायदा होऊन सचोटी आणि सुरक्षिततेसाठी मध्यवर्ती संस्था निर्माण झाली, तिचे सुरक्षाविषयक नियम जुलै २०२२ पासून आणि औषधांविषयीचे मे २०२३ पासून लागू झाले. घोड्याला दिलेला प्रत्येक उपचार या संस्थेकडे नोंदवणे आता पशुवैद्यांना बंधनकारक आहे. २०२४ साली तिच्या अखत्यारीतल्या रेसकोर्सवर हे प्रमाण ०.९० पर्यंत खाली आले, तर तिच्या कक्षेबाहेर राहिलेल्या रेसकोर्सवर ते १.७६ होते. धावपट्टीचा प्रकार, घोड्यांची प्रत, हवामान असे अनेक घटक त्यात मिसळलेले असणार, हे मान्य करूनही हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही. त्याच वेळी या आकड्यात काय नाही तेही पाहिले पाहिजे. शर्यतीत झालेल्या इजेने ७२ तासांच्या आत मेलेलाच घोडा त्यात मोजला जातो. सरावात मेलेला घोडा त्यात नाही, आणि चौथ्या दिवशी मेलेलाही नाही.

उत्तेजकांच्या बाबतीतही शेवटी नोंदीपाशीच यावे लागते. प्रयोगशाळा जे शोधायला सांगितले आहे तेच शोधते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत ट्रेनर, पशुवैद्य आणि औषधविक्रेते अशा सत्तावीस जणांवर खटले भरले गेले आणि पुढे दोन नामांकित ट्रेनरांना तुरुंगवास झाला, पण हे प्रकरण उघड झाले ते मुख्यतः दूरध्वनीवरच्या संभाषणांतून. त्यांचे घोडे चाचण्यांतून सहीसलामत सुटत होते. पागेत कोणते औषध आले, कोणी दिले, कोणत्या घोड्याला, कोणत्या दिवशी, याचा हिशेब मागणारी यंत्रणा असती तर पोलिसांना फोन ऐकत बसावे लागले नसते.

आता पैसे लावणाऱ्याकडे वळतो, कारण त्याच्याविषयी फारशी सहानुभूती कोणालाच नसते. जुगारी आहे, बुडाला तर बुडाला, असा एकूण सूर असतो. पण हा खेळ चालतो तो बव्हंशी त्याच्या पैशावर. १ मे २०२१ रोजी केंटकी डर्बी जिंकलेल्या ‘मेडिना स्पिरिट’च्या रक्तात बीटामेथासोन हे स्टेरॉइड सापडले, शर्यतीच्या दिवशी ते रक्तात असणे नियमबाह्य होते, ते त्वचेच्या मलमातून आले असे ट्रेनरच्या बाजूचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचा विजय काढून ‘मँडलून’ला देण्यात आला. तोवर मेडिना स्पिरिट डिसेंबरातच सँटा अनिटा येथे सरावानंतर मरण पावला होता. मँडलूनच्या मालकाला विजय मिळाला, बक्षिसाचा हक्क मिळाला. मँडलूनवर पैसे लावलेल्यांना मात्र काहीच मिळाले नाही, कारण टोटचा हिशेब शर्यतीच्या दिवशी जाहीर झालेल्या निकालावर मिटतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते इथे अक्षरशः घडले. प्रत्येक चाचणीचा अहवाल येईपर्यंत टोट थांबवून ठेवता येणार नाही, ही अडचण मला समजते. म्हणूनच घोड्याला अलीकडे कोणते उपचार झाले हे पैसे लावणाऱ्याला शर्यतीआधी कळण्याला महत्त्व आहे.

टोटची यंत्रणाही निर्दोष मानून चालत नाही. २००२ च्या ब्रीडर्स कपमध्ये लागोपाठ सहा शर्यतींचे विजेते ओळखण्याच्या पैजेची सर्व सहा विजयी तिकिटे एकाच माणसाची निघाली. दूरच्या केंद्रांवरील तिकिटांचा तपशील चौथी शर्यत संपल्यानंतरच मुख्य संगणकाकडे जात असे, आणि टोट चालवणाऱ्या कंपनीतलाच एक संगणकतज्ज्ञ मधल्या वेळात आपल्या मित्राच्या तिकिटावरचे घोडे बदलत होता. कुंपणानेच शेत खाल्ले. शेवटची शर्यत फारशी आशा नसलेल्या घोड्याने जिंकली म्हणून संशय आला. फेव्हरिट जिंकला असता तर कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते.

जॉकीची स्थिती याहून बिकट आहे. रुग्णवाहिका मागून धावत असते असा व्यवसाय क्वचितच दुसरा असेल. स्टार्टिंग गेटपाशी घोडा ठीक वाटला नाही तर जॉकी पशुवैद्याला तसे सांगू शकतो आणि घोडा मागे घेतला जाऊ शकतो; कागदावर हा अधिकार चांगलाच आहे. पण ज्या जॉकीचे उत्पन्न स्वारीगणिक ठरते, त्याने दोनदा असे केले तर तिसऱ्यांदा त्या ट्रेनरचा निरोप येत नाही. घोड्याच्या सांध्यात दहा दिवसांपूर्वी सुई टोचली होती हे त्याला आधी कळले, तर नकार देणे ही त्याची एकट्याची लहर ठरणार नाही. घोडा मुद्दाम रोखला असा आरोप जॉकीवर येतो तेव्हाही हीच नोंद त्याच्या कामी येईल, किंवा त्याच्या विरुद्ध जाईल. दोन्ही योग्यच.

काही देशांत ‘क्लेमिंग’ प्रकारच्या शर्यती असतात. त्यांत उतरलेला प्रत्येक घोडा आधी ठरलेल्या किमतीला विकाऊ असतो आणि घेणाऱ्याला शर्यत सुरू होण्यापूर्वीच चिठ्ठी टाकावी लागते. दुखरा घोडा स्वस्तात लावून दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा मोह इथे उघड आहे. यावर काही ठिकाणी साधा उपाय झाला: घोडा शर्यतीत मेला किंवा शर्यतीनंतर लंगडा आढळला तर विक्रीच रद्द, आणि नुकसान जुन्या मालकाचे. दंडाच्या पावतीपेक्षा हा नियम मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण माहिती ज्याच्याकडे आहे त्याच्यावरच तो जोखीम टाकतो.

चाबकाबद्दल थोडक्यात. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीत घोड्याला पळवण्यासाठी चाबूक मारण्यावर बंदी घातली, ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे, आणि ती चार किंवा अधिक फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद होतो. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण चाबूक सर्वांना दिसतो म्हणून त्याच्यावर नियम लवकर होतात; सुई दिसत नाही.

घोड्याची प्रकृती ही मालकाची खासगी बाब आहे आणि उपचार उघड केले तर पैजांचा बाजार बिघडेल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. याला हाँगकाँगने प्रत्यक्ष उत्तर दिले आहे. तिथल्या जॉकी क्लबच्या संकेतस्थळावर प्रत्येक घोड्याच्या दुखापतींची आणि आजारांची तारीखवार नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. घोडा कोणत्या पायाने लंगडला, केव्हा तपासणीत पुन्हा उत्तीर्ण झाला, शर्यतीच्या दिवशी त्याचे वजन किती भरले, सारे तिथे असते. तिथला बाजार बिघडलेला नाही. शर्यतींवरील उलाढालीत हाँगकाँग जगातल्या आघाडीच्या ठिकाणांपैकी एक आहे. खासगीपणाचा मुद्दा तर मला मुळातच पटत नाही. जो मालक घोड्यावर लोकांकडून पैसे लावून घेण्याच्या व्यवस्थेत उतरतो, त्याने त्या घोड्याचे गुडघे लोकांपासून लपवण्याचा हक्क त्याच दारात सोडलेला असतो.

ही नोंद ठेवणार कोण, हा प्रश्न मात्र अवघड आहे. ज्या क्लबाला शर्यतीच्या प्रवेशशुल्कातून आणि टोटवरून उत्पन्न मिळते, त्यानेच पशुवैद्य आणि स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, नेमले, तर रिकाम्या जागा घेऊन शर्यत लावण्यापेक्षा संशयित घोडा पळू देणे सोयीचे वाटते. ब्रिटनमधला १७५० सालचा जॉकी क्लब शतकानुशतके नियमही करीत होता आणि न्यायही देत होता. या शतकाच्या पहिल्या दशकात ते काम त्याच्याकडून काढून २००७ पासून निराळ्या प्राधिकरणाकडे गेले, आणि क्लबाकडे रेसकोर्स चालवणे उरले. ही विभागणी जिथे झालेली नाही तिथे ती आधी व्हावी.

आपल्याकडे एक मागणी आहे, संपादक महोदय. निकालाच्या रकान्यात टोटच्या भावाखाली एका ओळीची जागा ठेवावी: किती घोडे धावले, किती परतले नाहीत, आणि जे परतले नाहीत त्यांची नावे. आयोजकांनी ही माहिती दिली नाही, तर त्या ओळीत ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक