अण्णांची डावी बाजू

पुणे, रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

शिव्या आधी घालून घे, मग वाच. आठ महिने पत्र नाही, फोन नाही. नानांच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, तेही त्यातच धर. माझं बरं आहे, शुगर ताळ्यावर आहे. अण्णांचं तुला बाहेरून कळलं असेलच. श्रावणात झटका आला, मेंदूच्या उजव्या भागात गुठळी. पाय सुधारला, डावा हात अजून लुळाच. बोटं तेवढी हलतात. पण हे सांगायला लिहीत नाहीये.

अण्णांची डावी बाजू गेली. हातापायाची नव्हे रे, जगाची. डोळे ठणठणीत आहेत, तपासून झाले. पण डावीकडे काही असतं, हे मेंदूच्या गावीच नाही. पहिल्यांदा कळलं ते ताटावर. भाजी, आमटी चाटूनपुसून संपवली आणि आईवर डाफरले, "चटणी-कोशिंबीर करायचं सोडलंत काय या घरात?" ताटाची सगळी डावी बाजू वाढली तशी पडून, लिंबाची फोडसुद्धा. आईने गुपचूप ताट फिरवलं. "हां, आता आठवलं वाटतं!" आई आत जाऊन रडली आणि मला मेल्याला हसू आलं.

दाढी उजव्या गालाचीच. पेपरात 'महाराष्ट्रा'चं 'राष्ट्र' वाचतात आणि 'अपघाता'चा 'घात'. घड्याळ काढायला दिलं तर बारापासून सहापर्यंत आकडे घातले आणि म्हणाले, झालं. चूक दाखवली की भांडतात, कारण त्यांच्या लेखी काही राहिलेलंच नसतं. (अण्णा आणि चूक कबूल! तुला काय वेगळं सांगायचं.)

आठवड्यातून तीनदा ऑक्युपेशनल थेरपीवाल्या ताई येतात. आल्या आल्या त्यांनी आईचं ताट फिरवणं बंद केलं. ताट नाही, मान फिरली पाहिजे. टेबलाच्या आणि पेपरच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावलीय; ती दिसेपर्यंत मान डावीकडे नेत राहायची, दिसली की तिथून वाचायला लागायचं. कागदभर रेघा असतात, त्या एकेक खोडायच्या. लुळा हात टेबलावर डावीकडे ठेवून बोटं हलवायची, म्हणजे लक्ष तिकडे ओढलं जातं. एक प्रिझमचा चष्माही आहे. त्यातून सगळं दहाएक अंश उजवीकडे सरकलेलं दिसतं, बोट ठेवायला गेलं की नेम चुकतो. पुन्हा पुन्हा केलं की हात आपणच नेम सुधारतो, आणि चष्मा काढल्यावर काही वेळ डावीकडे झुकतो. ही युक्ती फ्रान्सच्या लियों शहरातल्या संशोधकांची, १९९८ची. काहींना गुण येतो, काहींना नाही. अण्णांना चष्म्यानंतर कोशिंबीर सापडते आणि दुसऱ्या दिवशी परत हरवते.

ताईंनीच इटलीतल्या मिलान शहराची गोष्ट सांगितली. १९७८ साली बिसियाक आणि लुझाती या दोन संशोधकांनी अशाच दोन पेशंटना शहरातला कॅथेड्रलचा चौक नुसता डोळ्यांपुढे आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड आहे असं समजा म्हटलं, तर फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. आता कॅथेड्रलच्या पायरीवरून चौकाकडे बघताय समजा, तर मघाशी गाळलेल्या सगळ्या आल्या आणि मघाच्या गेल्या!

काल मी ते अण्णांवर करून पाहिलं, वाईच्या आपल्या आळीत. "कृष्णेकडे पाठ करून मारुतीकडे निघालात. कोणाकोणाची घरं लागतात?" भराभर सांगत गेले. गिरणी, शिंपी, वैद्यबाई, मोडका वाडा, मारुती. तुमचं घर नाही. धस्स झालं रे. नाना गेले त्या दिवशी घाटावर तू मला म्हणाला होतास, "तुझ्या बापाला आमचं घर दिसतच नाही." मी त्यावर तुला काय बोललो, ते इथे लिहीत नाही. वाटलं, अकरा वर्षांचा अबोला म्हातारा आजारपणातही सोडत नाही. मग लक्षात आलं, शेजारचं आमचं घरही त्यांनी सांगितलं नव्हतं.

म्हटलं, "आता मारुतीच्या पारावर बसा. तोंड नदीकडे." आणि बंड्या, आधी तुमचं घर आलं. सारवलेला ओटा, दाराची पितळी कडी, ओट्यावर नाना सुपारी कातरताहेत, जीभ दातांत धरून. जिभेचं मी साफ विसरलो होतो. तिथे आता तीन मजली अपार्टमेंट आहे, हे अण्णांना माहीत आहे, पण ते सांगेनात. मी गप्प बसून राहिलो. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि त्याची ती पन्हळ हातभर आपल्या अंगणात आलीय. लिहून ठेव."

लिहून ठेवलंय.

मनूच्या बारावीचं काय झालं? वहिनींची बदली टळली का? नुसतं 'बरं आहे' कळवू नकोस, नीट लिही.

दिवाळीनंतर ये. पाहुण्यांनी अण्णांच्या डावीकडे बसायचं असा ताईंचा नियम आहे. पण एकदम जाऊन तिथे बसू नकोस, म्हणतील बंड्या आलाच नाही. आधी उजवीकडून हाक मार, मान वळली की खुर्ची हळूहळू डावीकडे सरकव. नानांचा अडकित्ता अजून असेल तर घेऊन ये.

तुझा,
विन्या