फॉल्ट अडवतो की गळतो?

निपाणी

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, खडकाला फॉल्ट, म्हणजे दोन्हीकडचा खडक सरकलेली भेग, असला तर तेल निसटूनच जायला पाहिजे, मग सर सापळा, म्हणजे तेल अडून साठायची जागा, नेमका फॉल्टपाशीच का काढतात? तुझी धारवाडची बस सुटायला आली होती, म्हणून लिहून पाठवतो म्हटलं. या प्रश्नावर कंपनीच्या मीटिंगांमध्ये शहाणी माणसं तावातावाने भांडताना मी नोकरीभर बघितली आहेत.

तेल पाण्यापेक्षा हलकं. वालुकाश्माच्या पाण्याने भरलेल्या छिद्रांतून ते वर वर सरकतं आणि वाटेत कुणी अडवलं नाही तर जमिनीवर येऊन वाया जातं. वाटेत फॉल्ट आला की आधी बघायचं, खडक सरकल्यावर वालुकाश्माच्या समोर काय येऊन बसलं. शेल, म्हणजे चिकणमातीचा घट्ट खडक, आला तर वाट बंद. समोर पुन्हा वालुकाश्मच आला तर वाट मोकळी, असं पोरं पेपरात लिहितात. पण सरकताना दोन्हीकडचा खडक भरडला जातो, शेलमधली चिकणमाती फटीत ओढली जाते आणि तिचा लेप बसतो. मग वालुकाश्मासमोर वालुकाश्म असूनही तेल अडतं. म्हणून एखाद्या जागेवरून जेवढे थर घसरत गेले, त्यांत चिकणमाती किती टक्के याचा हिशोब आम्ही मांडायचो. साधारण 15 ते 20 टक्क्यांच्या खाली असली तर तो फॉल्ट गळका धरायचा. वर असली तरी मी लगेच हुरळून जात नसे, कारण अडवण्यालाही मर्यादा असते. तेलाचा थर जसा उंच होतो तसा त्याचा वरचा रेटा वाढतो, आणि एका उंचीनंतर ते त्या लेपाच्या बारीक छिद्रांतही शिरतं.

काकांच्या मळ्यातल्या दोन बोअर आठव. बांधाच्या अलीकडे पाणी, पलीकडे नुसता फुफाटा. मध्ये काळ्या दगडाची डाइक, म्हणजे जमिनीतली उभी भिंत, आहे, पाणी तिच्या वरच्या अंगाला तुंबतं. काका अजून पाणाड्यालाच शिव्या घालतात.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती नकाशावर दिसत नाही. फॉल्ट हलत असतो तेव्हा त्याच्या भेगा उघडतात आणि खालचं तेल, वायू, पाणी त्यातून वर चढतं. तो निजला की त्याच भेगा भुग्याने आणि खनिजांनी बुजतात. म्हणजे एकच फॉल्ट आधी वाट आणि नंतर भिंत. राजस्थानात बाडमेरला 2004 साली सापडलेलं मंगला क्षेत्र फॉल्टमुळे कललेल्या ठोकळ्यात आहे. तिथं ठोकळे आधी कलले, तेल मागाहून आलं. क्रम उलटा असता तर सापळा तयार होण्याआधीच तेल निघून गेलं असतं.

निजलेला फॉल्ट दाबाने जागाही होतो. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात 28 जानेवारी 1969 ला तेलाची विहीर उसळली. तिचं तोंड बंद केलं, पण केसिंग, म्हणजे विहिरीच्या आतला पोलादी पाइप, फार खोल नव्हतं, त्यामुळे दाब फॉल्टमधून आणि भेगांमधून वाट काढत गेला आणि समुद्राच्या तळातून तेल वर येऊ लागलं. लांब कशाला, 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आजीला विचार. तिथं तेल नव्हतं, पण धरणाच्या पाण्याचा दाब खालच्या फॉल्टपर्यंत पोचला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

कट्ट्यावर मला हमखास विचारतात, ‘मग आपल्याकडं बी तेल लागंल की ओ?’ फॉल्ट इथंही आहेत. पण आपल्या पायाखाली 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे आणि गोकाकच्या धबधब्याचा खडक त्याहूनही कितीतरी जुना. तेल पिकवणारा सेंद्रिय शेल, तोही योग्य खोलीवर, नसेल तर फॉल्ट काय अडवणार?

आता काम. सरांनी दिलेल्या नकाशात फॉल्टची नुसती रेघ आहे. तिच्यावर समाधान मानू नकोस. फॉल्टच्या पृष्ठभागावर डावीकडचे थर एका रंगाने आणि उजवीकडचे दुसऱ्या रंगाने उतरव; वालुकाश्म वालुकाश्माला कुठं भिडतो ते लगेच दिसेल. याला अ‍ॅलन नकाशा म्हणतात. दोन-तीन जागी गळती निघेल, त्यातली सर्वात वरची कोणती ते बघ, कारण तेल तिथवरच साठेल. रविवारी येताना कागद घेऊन ये, आणि आईचे चटणीचे डबेही.

तुझा,
अप्पा