उपवासाच्या आधीचं काम बातमीत राहूनच गेलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्यू लोकांच्या योम किप्पूरवर, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावर, तुमच्या पेपरात छोटीशी बातमी आली होती, 25 तास पाण्याचा थेंब नाही, चामड्याच्या चपला नाहीत, पांढरे कपडे वगैरे. चूक काहीच नाही त्यात, पण वाचून वाटतं की ही आपल्या निर्जळी एकादशीचीच थोरली बहीण. खरं काम, म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागणं, त्या दिवसाच्या आधी उरकायचं असतं, ते आलंच नाही, म्हणून लिहितोय.

मी अलिबागचा. लहानपणी शेजारी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं, गावात जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून. आमचा एक माड त्यांच्या अंगणाकडे झुकलेला, त्यामुळे पडलेले नारळ कुणाचे यावरून वर्षभर कुरबुर. योम किप्पूर जवळ आला की शेजारचे काका स्वतः आमच्या ओटीवर यायचे, भाऊ काही चुकलं असेल तर माफ करा म्हणायचे, आणि एका वर्षी तर पिशवी घेऊनच आले, हे तुमचेच नारळ आणि वर दोन जास्तीचे. वडील इतके ओशाळले की चहाचं विचारायचंसुद्धा विसरले!

ते जास्तीचे दोन कशाला, हे मला फार उशिरा कळलं, बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक वाचताना. कुणाची ठेव बुडवली, लुबाडलं, सापडलेली वस्तू दडवली तर आधी मुद्दल परत करायचं आणि त्यावर पाचवा हिस्सा, तेही ज्याचं त्याच्या हातात, आणि मग बळीचा मेंढा घेऊन याजकाकडे, म्हणजे मंदिराच्या पुरोहिताकडे, जायचं. म्हणजे देवाचा नंबर शेजाऱ्यानंतर. पुढे मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, हे सरळच सांगून टाकलं की माणसामाणसातल्या अपराधांना योम किप्पूर पुरत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढा.

बाहेरच्या तयारीला बायबलात कमी लेखलेलं नाही हां. सीनाय डोंगरापाशी देवाच्या भेटीआधी लोकांना कपडे धुऊन तिसऱ्या दिवसासाठी तयार राहायला सांगितलं होतं, योम किप्पूरला महायाजकानेही आंघोळ करून साधे तागाचे कपडे घालायचे आणि लोकांच्या पापाआधी स्वतःच्या आणि घरच्यांच्या पापासाठी गोऱ्हा द्यायचा. पण यशया अध्याय 58 मध्ये संदेष्टा चिडून विचारतो की उपवास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, हा कसला उपवास? गंमत म्हणजे सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, हाच उतारा योम किप्पूरच्या सकाळी वाचतात, उपाशी पोटी बसलेल्यांसमोर.

मला सगळ्यात आवडते ती यहूदाच्या हिज्कीया राजाची गोष्ट, जुन्या करारातल्या 2 इतिहास या पुस्तकाच्या अध्याय 29 आणि 30 मधली. मंदिर कित्येक दिवस बंद पडलेलं, ते साफ करायलाच पहिल्या महिन्याची 16 तारीख उजाडली, पुरेसे याजक शुद्ध झालेले नाहीत, आणि वल्हांडण सण (मिसरच्या गुलामीतून सुटल्याची आठवण) तर 14 ला असतो, मग सरळ एक महिना पुढे ढकलला. तरी उत्तरेकडून आलेले बरेच लोक शुद्ध न होताच सणाचं जेवण जेवायला बसले, नियमात बसत नव्हतं ते. राजाने त्यांना हाकललं नाही, त्याने प्रार्थना केली की ज्याने मनापासून देवाला शोधायची तयारी केलीय त्याला क्षमा कर, मंदिराच्या शुद्धतेच्या नियमात तो बसत नसला तरी. आणि देवाने ऐकलं असं तिथे लिहिलंय. आमच्याकडे सोवळं मोडलं म्हणून अख्खा स्वयंपाक परत करायला लावणारी आजी होती, तिला ही गोष्ट सांगायची राहिली.

हिब्रूत पश्चात्तापाला तशुवा म्हणतात, मूळ धातूचा अर्थ परत फिरणं, नुसतं वाईट वाटून घेणं नाही. पुढच्या वर्षी बातमी कराल तेव्हा उपवासाचे तास छापाच, पण त्याआधी लोक कुणाकुणाच्या दारात जाऊन येतात तेही विचारा. अलिबागला अजून थोडी घरं आहेत.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग