आवाहन : आज आजारी नसलेल्यांसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कर्करोगाच्या रुग्णांना मुंबईच्या उपचारांसाठी साहाय्य करणारे आमचे मंडळ यंदा एका वेगळ्या कामासाठी आपल्यापुढे येत आहे. ज्यांच्यासाठी हा निधी हवा आहे, त्या रुग्णांच्या बहिणी, मुली, भाऊ आणि भाचे आज ठणठणीत आहेत; म्हणूनच कर्करोगाचा धोका वंशपरंपरेने त्यांच्याकडे आला आहे का, हे पाहणाऱ्या जनुकीय तपासणीचा त्यांचा खर्च कोणाच्या हिशेबात धरला जात नाही.

बहुतेक कर्करोग वंशपरंपरेने येत नाहीत, हे प्रथम स्पष्ट करतो. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच त्याचे मूळ जन्मतः मिळालेल्या जनुकीय दोषात असते. परंतु ज्या घरात तो दोष असतो, तिथे धोका फार मोठा असतो. १९९४ आणि १९९५ मध्ये ओळख पटलेली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्यास मदत करतात. त्यांपैकी एकात घातक बदल असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही बराच वाढतो. लिंच सिंड्रोम या दुसऱ्या दोषामुळे मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग संभवतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, असा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि तो वडिलांकडूनही तितकाच येतो. आपल्याकडे मात्र मावशीचे दुखणे विचारले जाते आणि आत्याचे विसरले जाते.

या तपासणीची सुरुवात शक्यतो आजारी व्यक्तीपासूनच व्हावी लागते. निरोगी बहिणीचे रक्त आधी तपासले आणि त्यात काही आढळले नाही, तर तिला दोष मिळाला नाही की घरातला दोष या चाचणीत सापडण्याजोगाच नाही, हे सांगता येत नाही. रुग्णात दोष नेमका सापडला, की नातेवाइकांमध्ये जनुकातील तेवढीच एक जागा पाहावी लागते आणि खर्च पुष्कळ कमी होतो. रुग्ण हयात असतानाच हे होणे सोपे असते, म्हणून आमची घाई आहे.

दोष असणे म्हणजे रोग असणे नव्हे. दोष असलेल्या स्त्रीला तरुण वयापासून एमआरआय व मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी), लिंच असलेल्यास नियमित कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), आणि काहींना मुले झाल्यावर अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया असे मार्ग खुले असतात. अहवालात कधीकधी अर्थ न लागणारा बदलही येतो. त्यावरून कोणी शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, याकरिता चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन आवश्यक आहे. टाटा स्मारक केंद्रात अशा कुटुंबांसाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. मात्र जळगावहून मुंबई ४०० किलोमीटरहून दूर आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपरचे भाडे माफ असते. त्याच गाडीने तपासणीला निघालेल्या त्याच्या निरोगी बहिणीला ती सवलत नाही, आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

जमा होणारा निधी रुग्णाची पहिली चाचणी, नातेवाइकांच्या चाचण्या, प्रवास आणि मुक्काम यांवरच खर्च होईल. एखाद्या कुटुंबाच्या पूर्ण खर्चाची जबाबदारी कोणी उचलली, तर उत्तमच. पण छोटी रक्कमही आम्ही आनंदाने स्वीकारू. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब वार्षिक सभेत वाचला जाईल.

पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा तीन पिढ्यांची माहिती एका बैठकीत मिळू शकते : कोणाला, कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी कर्करोग झाला. ही माहिती घरोघरी बसून लिहून घेण्यासाठी अहिराणी बोलणारे स्वयंसेवक हवे आहेत, विशेषतः स्त्रिया. सोयरिकी मोडतील या भीतीने घरे गप्प राहतात, आणि ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून भरलेला कागद त्या कुटुंबाकडेच राहील, मंडळाच्या दप्तरात नावे नोंदवली जाणार नाहीत आणि अहवाल ज्याचा त्यालाच मिळेल. अठरा वर्षांखालील मुलांच्या चाचण्यांसाठी, डॉक्टरांनी विशेष कारण दिल्याखेरीज, हा निधी वापरला जाणार नाही.

आपल्या घरात दिवंगत आप्तांचे बायोप्सीचे जुने अहवाल असतील, तर ते रद्दीत देऊ नयेत. त्यांच्या प्रती काढून देण्याचा खर्च मंडळ करील.

आपले नम्र,
कार्यकारिणी