काकडीचं बी राखायला शिकवणाऱ्या अण्णांना

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, त्याला कारण आहे. सोलापूरला बदली होऊन आल्यापासून माझ्या गच्चीवरच्या काकड्या बघून लोक बी मागतात. मी पुड्या बांधून देते, आणि "बी कुठून आणलंत?" म्हणून विचारलं की दर वेळी तुमचं आणि कुडाळच्या परसाचं नाव सांगते. आता ते एकदा नीट लिहूनच ठेवावं म्हटलं. तुम्ही काही फोनवर पत्रं वाचणार नाही, नात वाचून दाखवेल.

मी मूळची बार्शीकडची. आमच्याकडे काकडीपेक्षा वाळकाचं कौतुक जास्त. बाजरीच्या नाहीतर तुरीच्या रानात आपोआप पसरलेला वेल, फळ पिकलं की फुटतं आणि वास बांधभर. कुडाळला नोकरीच्या निमित्ताने तुमच्या मागच्या दारी बिऱ्हाड केलं तेव्हा डबीतून तेच बी घेऊन आले होते. तुमच्या मांडवावर तवसं, म्हणजे कोकणातली मोठी पावसाळी काकडी, शेजारी दापोलीच्या विद्यापीठाची शीतल, आणि मी हौसेने आणलेली राहुरीची पांढरी हिमांगी आणि पुना खिरा. एवढ्याशा जागेत चार-पाच जाती. आमच्या ऑफिसातल्या एकाने तर सांगूनच टाकलं होतं, की अशी खिचडी लावलीत तर फळं सगळी एकाच चवीची येतील.

तुम्ही हसलात. जातीजातींत परागकण इकडचे तिकडे झाले तरी यंदाच्या फळाला काही होत नाही, गोंधळ होतो तो आतल्या बियांत आणि दिसतो पुढच्या वर्षी, हे तुम्ही आळ्याला माती लावता लावता सांगितलंत. आणि वाळकाकडे बोट दाखवून म्हणालात, "वाळकाक तवशाची भिती नाय, चिबडाची आसा." मला ते तेव्हा चेष्टेचं वाटलं. नंतर वाचलं, तर खरंच वाळूक हे काकडीचं नव्हे, खरबूज-चिबडाचं भावंड. काकडीच्या पेशीत गुणसूत्रं 14, वाळूक-चिबडाच्या 24. संकर होणार तरी कसा? तुम्हाला आकडे ठाऊक नव्हते, पण चिबडाचा वेल तुम्ही माझ्या वाळकापासून मुद्दाम लांब, विहिरीपलीकडे चढवला होता.

तुमच्याकडून शिकलेली खरी विद्या म्हणजे फूल बांधणं. ती वाचणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण पुडीबरोबर तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

वेलाला आधी नुसती नर फुलं येतात, बारीक देठाची, झुपक्याने. त्या दिवसांत लोक "वेल वांझ निघाला" म्हणून उपटायला निघतात. मादी फूल मागून येतं, आणि त्याच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढी काटेरी काकडी आधीपासूनच असते. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी टोकाशी पिवळी दिसते. ती मादी कळी आणि त्याच जातीच्या दुसऱ्या वेलावरच्या दोन-तीन नर कळ्या केळीच्या सोपटाच्या भिजवलेल्या धाग्याने चोचीशी हलकेच बांधायच्या, म्हणजे मधमाशी आपल्याआधी पोचत नाही. "सांजेक बांध, सकाळी सोड." सकाळी उन्हं चढायच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, मधला पिवळा पराग मादी फुलाच्या आतल्या चिकट भागावर टेकवत फिरवायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. देठाला जातीप्रमाणे रंगीत दोरा. तुमच्या परसात तवशाला लाल, शीतलला निळा, हिमांगीला पांढरा आणि पुना खिऱ्याला काकींच्या जुन्या साडीचा काठ.

श्रावणात या हातकामाचा दुहेरी फायदा होतो, हेही तुमच्यामुळेच कळलं. झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, मादी फुलं तशीच गळतात, नाहीतर काकडी एका टोकाला फुगीर आणि दुसरीकडे आखडलेली धरते. छत्री धरून परागीकरण करणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

दोरा बांधलेल्या फळाला हात लावायचा नाही, ही शिस्त मला सगळ्यात जड गेली. कोवळं, लुसलुशीत तवसं डोळ्यांसमोर असताना ते पिवळं, मग तांबूस, जाड सालीचं होईपर्यंत वेलावर ठेवायचं! उतरवल्यावरही पडवीच्या कोपऱ्यात आणखी दोन आठवडे. मग चिरून गर बियांसकट मडक्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, वर फेस आला की भरपूर पाण्यात धुवायचा. तरंगेल ते पोचट, तळाला बसेल ते बी. वाळवायचं सावलीत आणि फडक्यावर, कागदावर नाही, नाहीतर बी कागदालाच चिकटून बसतं. शेवटी चुलीची राख चोळून बाटलीत.

त्याआधी मात्र तुमची परीक्षा असायची. बी काढण्याआधी प्रत्येक फळाच्या देठाकडची चकती तुम्ही जिभेला लावून बघायचात. "कडू फळाचा बी ठेवशीत तर पुढच्या वर्साक कडूच खाशीत." कडवटपणा उन्हाने, पाण्याच्या ताणाने वाढतो हे खरं, पण त्याची ओढ रक्तातही असते, आणि देठ कापून चोळल्याने तो फेसाबरोबर निघून जातो यावर तुमचा काडीचाही विश्वास नव्हता. माझी आई अजून चोळते. मी गप्प बसते.

फळमाशीच्या सापळ्याचंही तसंच. मी सापळ्यात ठेवायची आमिषाची मिळेल ती वडी घेऊन आले, तर तुम्ही वेष्टन वाचून ती परत पाठवलीत: ही मिथाइल युजेनॉलची, आंब्याच्या माशीसाठी, वेलवर्गीयांच्या माशीला क्यू ल्यूर लागतो. कृषी सहाय्यक म्हणून गावोगाव फिरलेल्या माणसाला हे पाठ असणारच. पण वडी बदलून आणायला पावसात स्वतः चालत गेलात, ते कुठल्या नोकरीत बसत नाही.

काकींना वेगळा नमस्कार. चवथीला माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या फळाफुलांच्या चौकटीला, लटकवायचं तवसं आधी निवडायचं आणि उरलेल्यांतून धोंडस, हा त्यांचा क्रम. तांदळाची कणी, गूळ, खोबरं, किसलेलं तवसं, भांड्यावर झाकण आणि झाकणावर निखारे. खरवड खरडून खाण्यासाठी तुमची नातवंडं आणि मी एका रांगेत बसायचो.

इथल्या गच्चीची हकीगत अशी: मे महिन्यात लावलेल्या वेलांवर नुसती नर फुलं, उष्म्याने. तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे यंदा जानेवारीच्या शेवटी हिमांगी आणि पुना खिरा लावला, मादी फुलं भरपूर आली. शीतल मात्र इथे रमत नाही, ती डोंगरउताराची आणि धो धो पावसाची. तिला तिकडेच राहू दे.

सोबत कुरिअरने वाळकाच्या बियांची बाटली पाठवते आहे, राख लावलेली, देठाकडून चाखून घेतलेली. चिबूड यंदा कुठे चढवणार ते आधी ठरवा आणि मग लावा. तवशाचं बी माझ्याकडे संपत आलंय, लाल दोऱ्याची दोन फळं माझ्यासाठी राखून ठेवाल का? रजा मंजूर झाली आहे, चवथीच्या आदल्या दिवशी पोचते.

आपली,
मागच्या दारची भाडेकरीण