शांतता समिती सणापुरती नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईतील मुस्लिम समाजाने आपला जुलूस स्वेच्छेने दुसऱ्या दिवशी काढला आणि राज्य शासनानेही ईदची सुटी २९ तारखेला दिली. त्याच वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आल्यावर अनेक गावांतील मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला तर मशिदींत गणपती बसवण्याची प्रथा आहे, आणि मोहरम त्याच काळात आला की पंजे (मोहरममध्ये बसवली जाणारी हाताच्या आकाराची धार्मिक प्रतीके) व गणेशमूर्ती एकाच छताखाली असतात. मला या गावाचे फार अप्रूप वाटते.

असा समजूतदारपणा वर्षभराच्या ओळखीतून येतो. सणांत सलोखा राहावा म्हणून पोलीस व नागरिक मिळून असलेल्या शांतता समितीची बैठक मात्र बहुधा सण तोंडावर आल्यावर पोलीस ठाण्यात भरते आणि तीत स्त्रिया व तरुण अभावानेच दिसतात. गणेश मंडळे, मशिदी, चर्च आणि बुद्धविहार यांनी रक्तदान शिबिरे, व्याख्याने वर्षभर एकमेकांच्या आवारात घ्यावीत आणि नगरपालिकांनी त्यासाठी सभागृहे विनाशुल्क द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक